दुसऱ्या बाजूचं गाणं

मागच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघी नातींनी मला रडताना पाहिलंत. त्यामागचं कारण बोलून नीट सांगता येणार नाही, म्हणून क्रमाने लिहून पाठवते.

लग्न होऊन मी इंग्लंडमध्ये मेडनहेडला आले तेव्हा पुण्याला फोन लागणं कठीण होतं, आणि लागला तरी तीन मिनिटांत माझ्या आईचं बोलणं आटपत नसे. म्हणून एक कॅसेट आमच्यात ये-जा करायची. ती बोलून पाठवायची, मी ऐकायची, तिच्या आवाजावर माझा आवाज भरायची आणि पोस्टात टाकायची. तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे : "ऐकून झालं की पूस, आणि भरून पाठव. कोरी पाठवलीस तर बघ!"

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. तुमच्या बाबाच्या बालगीतांच्या कॅसेटचे मी आल्या दिवशीच मोडले होते. या कॅसेटचे मोडून चालणार नव्हतं.

एका रविवारी इस्त्री करता करता मी तिची पहिली बाजू ऐकली. शेजारणीचे गुडघे, वहिनीने आणलेले पडदे. "राहिलेलं मागच्या बाजूला सांगते," असं म्हणून ती थांबली. मागची बाजू म्हणजे चार-पाच मिनिटं, बहुतेक खाण्याचं आणि औषधांचं. मी कॅसेट उलटून ठेवली आणि जरा वेळ त्याच टेपरेकॉर्डरवरचा रेडिओ लावला. एक अमेरिकन कंट्री बॅलड लागलं. ते मी आधी एकदा ऐकलं होतं आणि मला ते हवं होतं. आत कुठली कॅसेट आहे, हे मला माहीत होतं. आईला पुन्हा विचारता येईल, असं मनात आलं आणि मी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

तीन आठवड्यांनी आई गेली.

गाण्यातला माणूस तरुणपणी बापाचं शेत सोडून जातो आणि बाप गेल्यावर परत येतो. घर रिकामं असतं, पण तो उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. शेवटच्या कडव्यात तो स्वतःलाच म्हणतो, पुरे झालं, आत ये. त्या रविवारी मला गाण्याची फक्त चाल आवडली होती.

कॅसेटवर मी 'कंट्री गाणी' असं लेबल लावलं आणि ती खोक्यात तळाशी ठेवली. तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. गाण्यानंतर आईचं काही उरलं असेल, हे मला ठाऊक होतं. पण उरलेलं ऐकलं असतं, तर काय गेलं तेही कळलं असतं.

मग त्या शनिवारी थोरलीने विचारलं, "आजी, पणजीची आवाज कशी होती? स्कूलमध्ये फॅमिली व्हॉइसेसचा प्रोजेक्ट आहे. तुझ्याकडे रेकॉर्डिंग असेलच, तू सगळं ठेवते!"

नाही म्हणणं सोपं होतं. मी खोकं काढलं.

गाणं सुरू झालं आणि धाकटी ओरडली, "आजी, पणजी तर मॅन आहे!"

मीही हसले. मग मी काय केलं होतं ते तुम्हाला सांगितलं. गाणं संपलं, खट् असा आवाज आला, आणि आई बोलली :

"...पाक एकतारी झाला की उतरव. वेलची विसरू नकोस, तू विसरतेस. बरं, ऐकून झालं की पूस, आणि भरून पाठव."

"कशाचा पाक?" धाकटीने विचारलं.

"माहीत नाही गं. ते गाण्याखाली गेलं."

त्यानंतर मी रडले.

तुम्ही फोन ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. माझा एकही आवाज पुण्याच्या घरी उरला नाही. माझा पहिला हिवाळा, तुमच्या बाबाचं पहिलं रडणं, सगळं आईने स्वतःच्या हाताने पुसलं. त्याबद्दल तिला दोष द्यावा, असं मला कधी वाटलं नाही. अर्थात, तिने आधी ऐकलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. हा फरक मी लपवणार नाही. पण त्यासाठी चाळीस वर्षं उंबऱ्याबाहेर उभी राहिले, तेवढं पुरे.

रविवारी मी साखरांबा केला. आई साखरांब्याचंच सांगत होती की नाही, देव जाणे. वेलची घातली. मग कॅसेटवर 'आई, दुसरी बाजू' असं नवं लेबल लावलं आणि स्क्रूड्रायव्हरने दोन्ही चौकोन मोडले.

रेकॉर्डिंगची फाइल सोबत पाठवते आहे. प्रोजेक्टमध्ये लावताना गाणं कापू नका.