पाहुण्यांच्या खोलीतली अंबाडी

आमच्या घरात गांजाची शेती चालते, ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. शेतकरी मीच होतो.

अल-खोबरला तेव्हा आम्हाला चौदा वर्षं झाली होती. मी एका कंपनीत पंपांचा इंजिनिअर. सौदीकरण जोरात होतं. म्हणजे एखाद्या सौदी तरुणाला आपलं काम शिकवायचं, आणि तो शिकला की आपण सामान बांधायचं. माझ्याकडे फहद आला होता. हुशार, हसतमुख आणि (दुर्दैवाने) वेळेवर येणारा. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला दोन महिने होते आणि कंपनी तो वाढवणार की नाही, हे कोणी धड सांगत नव्हतं.

अशा वेळी शहाणा माणूस बायोडाटा दुरुस्त करतो. मी अंबाडी लावली.

त्याला कारण आमची मंजुषा. माहेर यवतमाळ. "अहो, इथे जगातली सगळी भाजी मिळते, फक्त अंबाडी तेवढी नाही," असं ती दर शुक्रवारी म्हणायची. बाल्कनीत लावायची सोय नव्हती. उन्हाळ्यात तिथे पापडसुद्धा भाजून निघतो. म्हणून तिच्या माहेरून बी मागवलं आणि पाहुण्यांची खोली ताब्यात घेतली.

शेतीचं शिक्षण मोबाइलवर घेतलं. एक दाढीवाला अमेरिकन घरातल्या घरात उंच वाफे कसे करायचे, ते फार प्रेमाने शिकवायचा. माती नको, नारळाचा भुसा घ्या. भिंतींना चकचकीत फॉइल लावा. वर जांभळे दिवे टांगा. रोपाचं नाव मात्र तो कधीच घ्यायचा नाही, नुसतं "आपली लाडकी" म्हणायचा. मला वाटलं, टोमॅटो असेल!

माल ठेवायच्या जुन्या लाकडी पॅलेटच्या फळ्या ठोकून मी चार वाफे केले, विटांवर चढवले, आत प्लास्टिक घालून तळाला भोकं पाडली. भुशाच्या वाळलेल्या विटा पाण्यात फुगतात, एवढं ठाऊक होतं. किती फुगतात, हे माहीत नव्हतं. बाराच्या बारा एकदम बाथटबमध्ये टाकल्या.

तासाभराने आमची ईरा ओरडली, "पप्पा, द बाथटब इज ग्रोइंग!"

भुसा बाथटबमधून उतरून पॅसेजकडे निघाला होता. दोन दिवस आम्ही बादलीने आंघोळ केली.

पण अंबाडी आली! पाच-पाच बोटांची, हिरवीगार, कमरेएवढी. भुशात पाणी रोज घालावं लागतं आणि जास्तीचं तांबूस होऊन खालून निघून जातं. ते बाथरूमच्या जाळीत जावं म्हणून मी नळी टाकली होती. नळीचा उतार भिंतीकडे होता. (चौदा वर्षं मी लोकांना पाणी कुठून कुठे न्यायचं, ते शिकवत होतो.)

तो शुक्रवार होता. फहदला दुपारी जेवायला बोलावलं होतं. पोट भरलं की माणूस शिकायला जरा मंद होतो, अशी माझी अटकळ. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे मुकादमभाई धापा टाकत वर आले. हे मूळचे दापोलीकडचे, इथे कपड्यांचं दुकान.

"देशमुखसाहेब, माझ्या छतातून चहा गळतोय!"

"चहा?"

"बिनदुधाचा! पांढऱ्या सोफ्यावर!"

मी त्यांना नळी दाखवायला खोलीत नेलं. जांभळा उजेड, चमकत्या भिंती आणि ती पानं पाहून मुकादमभाई सोफा विसरले.

"या अल्ला! ह्या देशात ह्याला मान जाते, मान!"

"अहो, अंबाडी आहे."

"आंबाडा आम्ही खाल्लाय साहेब. तो झाडाला लागतो, त्याचं लोणचं घालतात. ही पानं मी बातम्यांत बघितलीत."

ईराने मोबाइल पानासमोर धरला. त्यात रोपं ओळखायची सोय होती. "पप्पा, इट सेज हिबिस्कस... कॅनाबिनस."

मुकादमभाई मटकन खाली बसले. कॅनाबिस म्हणजे गांजा, एवढं मलाही ठाऊक होतं. दाढीवाल्याची ती लाडकी कोण होती, ते मला त्या क्षणी कळलं!

"उपटा! टॉयलेटमध्ये टाका!" मुकादमभाई बसल्या जागेवरून ओरडले.

"हात लावून तर बघा," मंजुषा उलथनं घेऊन दारात उभी राहिली. "दीड महिना वाट पाहिलीय मी!"

आणि बेल वाजली. फहद. वेळेवर.

मी कपाटातल्या पांढऱ्या चादरी काढल्या, चारही वाफ्यांवर पसरल्या, दार लोटलं आणि बाहेर येऊन हसलो. फहद खजूर घेऊन आला होता. त्याने हात धुवायला जागा विचारली आणि मी दिशा दाखवायच्या आत चुकीचं दार उघडलं.

जांभळ्या उजेडात, पांढऱ्या चादरीखाली, ओळीने चौघं निजलेले!

"मिस्टर देशमुख," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ही माणसं कोण आहेत?"

"भाजी," मी म्हणालो.

त्याने एक चादर उचलली. पानं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर इकामा, माझी हमी घेतलेला कफील, तुरुंग आणि ईराची शाळा एकामागून एक जायला लागली.

मंजुषा पुढे झाली. तिने चार पानं तोडली, एक स्वतः खाल्लं, एक माझ्या तोंडात कोंबलं, एक मुकादमभाईंच्या हातावर ठेवलं (त्यांनी बिस्मिल्ला म्हणून डोळे मिटले) आणि चौथं फहदपुढे धरलं. "ईट," ती म्हणाली.

फहदने चावलं. त्याचा चेहरा लिंबासारखा पिळला गेला. "करकदे!" तो ओरडला. त्याची आजी लाल फुलांचं आंबट सरबत करायची, तेच हे करकदे. त्या फुलाची आणि आमच्या अंबाडीची भावकी निघाली! तो इतका हसला की मुकादमभाई कलमा म्हणायचे थांबले.

चार वाफ्यांची अंबाडी शिजून एक वाटी झाली. तीही बरीचशी फहदने खाल्ली.

रविवारी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फहदने सांगितलं होतं तर! मी बसायच्या आधीच अंबाडीचं कूळ सांगायला लागलो.

"ते राहू दे," साहेब म्हणाले. "त्या भुशात पुदिना येतो का? माझी बायको चहात घालते."

मी त्यांच्या घरी दोन वाफे करून दिले. मग त्यांच्या भावाकडे, मग भावाच्या सासऱ्यांकडे. माझा इकामा एक वर्षाने वाढला. कागदावर कारण पंपांचंच होतं.

वर्षाने मात्र निरोप समारंभ झालाच. फहद माझ्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी बसला आणि सगळे पंप चालूच राहिले. पुदिन्यासाठी माणूस शोधायला कंपनीला तीन महिने लागले.