दुरुस्तीला गेलेलं दार

आमच्या आत्याच्या घरमालकाइतका सज्जन माणूस शोधून सापडायचा नाही. भाडेकरूला काढायला लोक गुंड आणतात, यांनी फक्त सुतार आणला. "वाळवी लागलीय, दुरुस्त करून देतो," म्हणाले आणि आत्याच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उचलून नेलं. खोली जावयाला द्यायची होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण तोंडाने "निघा" म्हणायला जीभ रेटेना. संस्कार आड आले असावेत.

आत्या एकटी. पँट आखूड कर, चेन बदल, असल्या शिवणकामावर पोट. दाराच्या जागी तिने चादर टांगली, तिच्यासमोर शिलाई मशीन आडवं लावलं आणि रात्रभर त्याला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढू लागली. दाराचं विचारलं की मालक म्हणायचे, "सुताराला घाई करून चालत नाही हो." पावसाळा गेला, थंडी आली. सुतार बहुधा आधी झाड लावून ते वाढायची वाट बघत होता.

बाबा म्हणाले, "ताई, चल आमच्याकडे, कशाला जिवाला घोर?" आमचे बाबा भारी शूर. मालक समोरून आले की रस्ता बदलायचे.

"एक रात्र बाहेर झोपले तर हा म्हणेल, हिने घर सोडलं," आत्या म्हणाली. "मग जन्मभर कुठे राहू? तुझ्या बाल्कनीत?"

बाबांनी चहा छान झाल्याचं सांगितलं.

शेवटी तिच्या गिऱ्हाइकांतली एक वकीलबाई मदतीला आली. कोटाची उसवलेली बाही शिवून घेता घेता ती म्हणाली, "कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला कोणी काढू शकत नाही. दार काढणं, पाणी तोडणं, असा छळ करून हुसकावणंही बेकायदाच." आत्याने हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि अर्ज केला.

कोर्टात मालक कडक इस्त्रीत आले. छातीठोकपणे म्हणाले, "साहेब, ही बाई केव्हाच घर सोडून गेली. खोलीला माझं कुलूप आहे."

"कुलूप कशाला लावलंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दाराला."

"आणि दार कुठे आहे?"

"सुताराकडे," मालक म्हणाले. चुकून खरं बोलून गेले बिचारे, सवय नसली की असं होतं.

दार ताबडतोब बसवायचा आणि आत्याला त्रास न द्यायचा हुकूम झाला. दार बसलं त्या दुपारी आम्ही सगळे तिच्याकडे जमलो. बाबा तर आम्हाला कायदा असा समजावत होते, जणू खटला त्यांनीच लढवला. आत्याने त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"आता बाहेर व्हा सगळे. मला दार लावायचंय."

आतून कडी लागली. आम्ही पायरीवर चपला शोधतोय तोवर घोरणं ऐकू आलं, भर दुपारी. बाबांची एक चप्पल हातातच राहिली.

"मी हिला नुसतं चल, चल म्हणत राहिलो," ते हळूच म्हणाले. "एखाद्या रात्री इथे येऊन बसलो असतो, तर झोपली तरी असती."