चिठ्ठीशिवाय गोळी नाही

आमच्या हिची भाची तनुजा फार्मसी शिकली, फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, पण परक्या माणसासमोर तिच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ. मेडिकलमध्ये नोकरी शोधायला आमच्याकडं येऊन राहिली आणि दोन मुलाखतींत मालकापुढं नुसती मान हलवून आली. मग सोयगावहून तिच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, निर्वाणीचा फोन केला. सोमवारी तिसऱ्या मेडिकलमध्ये जमलं तर ठीक, नाहीतर परत येऊन आपल्या खताच्या दुकानात बसायचं. पोर त्या दिवशी जेवली नाही.

तेव्हा आमच्या हिनं, म्हणजे चतुराबाईनं, पदर खोचला. हडकोतल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाचं काउंटर झालं आणि मसाल्याच्या डब्याचं औषधाचं कपाट. जिरं म्हणजे अ‍ॅसिडिटीची गोळी, मोहरी म्हणजे तापाची, हळद म्हणजे अँटिबायोटिक. तीन दिवस मी ताट मांडीवर घेऊन जेवलो. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"ए बाय, ती तांबडी गोळी दी बरं. मागच्या टायमाला नेली व्हती ती," चतुराबाई गिऱ्हाईक होऊन म्हणायची.

"चिठ्ठी?" तनुजा टेबलाला विचारायची.

"मोठ्यानं बोल. गिऱ्हाईक बहिरं हाय."

शेजारच्या सगीराखाला गंमत बघायला आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. "डॉक्टर कू कायकू तकलीफ देना बेटी? तू इच दे दे ना. और पूरी पट्टी नक्को, तीन गोलियां काट के दे."

रविवारपर्यंत तनुजाला कंठ फुटला. "खाला, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही," असं ती चक्क डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून चतुराबाईचा आवाज आला, "फोडणीला तापाची गोळी टाक गं जराशी." मी वरण मुकाट्यानं खाल्लं.

सोमवारी मीच तिला स्कूटरवर टीव्ही सेंटरला नेलं. मालक बद्रीनाथशेठ काउंटरच्या आत, शेजारी तनुजा, मी बाहेर पायरीवर.

"गिऱ्हाईक आलं तर आधी काय विचाराल?" शेठनं विचारलं.

तनुजानं मान खाली घातली. शेठनं पुन्हा विचारलं आणि मग घड्याळाकडं बघितलं. माझं डोकं फिरलं. तीन दिवस माझं टेबल गेलं ते यासाठी? मी तडक पायरी चढलो आणि काउंटरवर थाप मारली.

"ती निळ्या पाकिटातली बीपीची गोळी द्या."

"चिठ्ठी?" तनुजा सवयीनं म्हणाली.

"घरी राहिली."

"मग मिळणार नाही. रोज घेता का?"

"रोज."

"खोटं बोलू नका काका." आता तिची मान वर होती. "पट्टी दिवाळीपासून कपाटावर पडलीय, आठ गोळ्या तशाच हाईत. न विचारता बंद केल्या ना? आता मनानं चालू पण करायच्या नाय. आधी डॉक्टरला दाखवून या."

दुकानातली चार माणसं माझ्याकडं वळली. मी गेलो होतो पोरीला सावरायला आणि माझीच चोरी पकडली गेली.

शेठनं चष्मा काढला. "हे कोण तुमचे?"

"काका."

"काकांनापण नाय?"

"नाय."

"उद्यापासून या," शेठ म्हणाले.

घरी चतुराबाईला नोकरीचा आनंद अर्धं मिनिट झाला. नंतर तिला गोळ्यांचं कळलं. ती काय काय बोलली ते मी लिहीत नाही. संध्याकाळी तिनं मला हाताला धरून डॉक्टरकडं नेलं.

मंगळवारी मी चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहिलो. पांढरा कोट घातलेली तनुजा ओळखीचं हसलीसुद्धा नाही. चिठ्ठी नीट वाचून तिनं रांगेच्या टोकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं, "वय?"

माझा ऊर भरून आला. लग्नकार्यात गेली सात वर्षं मी साठच सांगतोय.

"सदुसष्ट," मी म्हणालो.