चिंचेने घासलेलं पदक

वसईच्या बाजारात उमेळ्याची एक मावशी जुनी तांब्या-पितळेची भांडी विकायची. बोलताना तिचा अंगठा हातातलं भांडं सारखा पुसत असे. नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी तिच्या समयांमागे मला काळपट ब्राँझचं पदक दिसलं. अगदी सुरुवातीच्या एका ऑलिंपिकचं स्मृतिपदक! मी कित्येक वर्षं तेच शोधत होतो. पण ती भाव वाढवेल म्हणून मी जांभई देत म्हणालो, "तो बिल्ला ठेवा, मावशी. पैसे घेऊन येतो."

एव्हरशाईनमधल्या घरून पैसे घेऊन स्कूटर पिटाळत परतलो, तर पदक लखलखत होतं. वर्षानुवर्षं चढलेला तो काळा रंगच आम्ही संग्राहक जपतो. तिने तो चिंचेने घासून काढला होता.

"काळा म्हनून घासला, भाऊ. गिऱ्हाइकाला असा कसा द्याचा?"

मग मात्र मी सगळं खरं सांगितलं, माझ्या लबाडीसकट. सांगता सांगता इतका रंगलो, की पदकावरचे धावपटूही तिला एकेक करून दाखवले. तिने सगळं ऐकलं नि पोट धरून हसली.

"मंग आधीच बोलायचं ना. माजी चिंच तरी वाचली असती."