निगेटिव म्हणजे चांगलंच ना?

ताईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा आमच्यात फक्त आईच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कोविडपासून तिला एवढंच पाठ होतं की पॉझिटिव वाईट आणि निगेटिव चांगलं. रिपोर्टवर तर 'ट्रिपल निगेटिव' लिहिलेलं. "निगेटिव म्हणजे चांगलंच ना? तेही एक नाही, तीन-तीन," ती म्हणाली. "मग तुम्ही दोघी रडताय कशाला?"

ताईने तिला शेजारी बसवून समजावलं. या कॅन्सरमध्ये डॉक्टर गाठीत तीन खुणा शोधतात. त्या सापडल्या तर त्यांच्यावरची नेमकी औषधं देता येतात. ताईच्या गाठीत एकही सापडली नव्हती. "मतलब, भराभर वाढते आणि कुणाचं ऐकत नाही," ताई म्हणाली. "माझ्यासारखीच." आई हसली नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सिमरोलजवळच्या एका कॅम्पसमध्ये मुलींच्या होस्टेलची वॉर्डन होती. तिला मूलबाळ नव्हतं, पण उशिरा परतणाऱ्या पोरी तिच्या नुसत्या खाकरण्यानेच गप्प व्हायच्या. जीजाजी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. इंदूरच्या जुनी इंदूर भागात आईच्या वरच्याच मजल्यावर दोघं राहायचे.

आधी केमो, मग ऑपरेशन, असं ठरलं. केमोत तिला फोडणीचा वास सहन होईना. हिंग तर नाहीच नाही. तेव्हा जीजाजींनी शेगडी गच्चीवर नेली. कारखान्यातून आले की उन्हात, थंडीत ते वर वरण-भात शिजवायचे आणि झाकून खाली आणायचे. ताई दोन घास खायची आणि "छान झालंय" म्हणायची. तिला चव लागत नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

गाठ आक्रसली. सर्जन म्हणाले, आता फक्त गाठीचा भाग काढून स्तन ठेवता येईल. पण तोवर रक्ताच्या तपासणीत कळलं होतं की हा आजार ओढवणारा एक दोष जन्मापासून तिच्या जीनमध्येच आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही धोका होता. दोन्ही काढणं हा एक रस्ता होता. त्याने आधीचा आजार परतणारच नाही, असं मात्र कुणी म्हणत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही चौघं आईच्या खोलीत बसलो.

"डॉक्टर वाचवता येईल म्हणताहेत," जीजाजी म्हणाले, "तर वाचवू या ना."

"कुणाला?" ताईने विचारलं.

जीजाजी उठून गच्चीवर गेले. बऱ्याच वेळाने खाली आले ते डोळे धुऊनच. म्हणाले, "दोन्ही काढा. तू राहा फक्त."

ऑपरेशन झालं. मग रेडिएशन, ज्याला आमच्या गल्लीत सगळे सिकाई म्हणतात. ताई कामावर परतली. कुर्त्यावरून ओढणी पुढे घ्यायची तिने बंद केली. म्हणायची, "आता काय झाकायचंय?" मला ते ऐकवत नसे.

वर्षही झालं नव्हतं तर खोकला सुरू झाला. आम्हाला वाटलं, दिवाळीच्या साफसफाईची धूळ. निघालं फुप्फुसात. नवं औषध दिलं, तेही गाठींनी जुमानलं नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. अजून एक औषध आहे, थोडे महिने मिळतील किंवा मिळणार नाहीत, त्रास मात्र होईल, असं त्यांनी सांगितलं.

ताई म्हणाली, "मॅडम, मला आता खाल्लेल्याची चव लागली पाहिजे. बस."

तिने केमो थांबवली. श्वासासाठी आणि दुखण्यासाठी औषधं तेवढी ठेवली. जीजाजी जिन्यात मला अडवून म्हणाले, "तू तिची बहीण आहेस. समजाव ना तिला." मी वर गेले आणि तिचे पाय चेपत बसले.

उलट तीच माझ्या मागे लागली होती, तूही रक्त तपासून घे म्हणून. मी टाळत होते. एक दिवस तिने स्वतःच लॅबवाल्याला घरी बोलावलं आणि माझी बाही वर केली. रिपोर्ट आला. तोच दोष माझ्यातही होता.

तिला काय सांगायचं, यावरून आई आणि मी ताईच्या स्वयंपाकघरात कुजबुजत होतो. आतून तिची हाक आली, "अगं, मघाशीच दिसलं, चेहऱ्यावर लिहिलंय तुझ्या. इकडे ये."

मी सांगितलं. एवढ्या आजारपणात मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं. धाप लागेपर्यंत रडली. "माझ्यावरच भागलं, असं समजत होते गं मी," ती म्हणाली. मग माझा हात धरून, "तू वाट बघू नकोस. ऐकतेयस ना? माझ्यासारखी गाठ हाताला लागायची वाट बघू नकोस."

शेवटचे काही आठवडे तिला खरंच चव लागत होती. आंब्याचा रस मागून खाल्ला. एका दुपारी जीजाजी तिला उशीला टेकवून बसवत होते, तेव्हाच ती गेली. होस्टेलच्या पोरी बस करून आल्या आणि चपला हातात धरून गल्लीत उभ्या राहिल्या.

पुढच्या थंडीत मी दोन्ही काढण्याचं ऑपरेशन करून घेतलं. "काही झालेलं नसताना?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्या नवऱ्याने एकदाही विचारलं नाही. काढलेल्या भागात काही सापडलं नाही. आई दवाखान्यात माझ्या उशाशी बसून एकच बोलत होती, "माझ्याकडूनच आलं दोघींना." तिची एक बहीण तरुणपणी देवासला वारली होती. कशाने, ते तेव्हा कुणी उघड बोललं नव्हतं.

आता सगळे म्हणतात, तू सुटलीस. असेल. पण कपडे वाळत घालायला हात वर केला की काखेपासून छातीपर्यंत आतून काहीतरी ताणतं. डॉक्टर म्हणतात, होतं असं. मला ते डॉक्टरांना विचारायचंच नसतं. ताईला विचारायचं असतं, की तुझंही असंच ओढायचं का, आणि तू कधी बोलली का नाहीस.