यमुनाक्का आणि पेट्रोलचा काटा

यमुनाक्का कुठल्याही काट्यावर पटकन विश्वास ठेवत नसत. वाण्याचा तराजू असो की दवाखान्यातला वजनकाटा, आधी त्यावर नखानं दोन टिचक्या मारत. जयनगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्कांनी गाड्यांची मीटरं बनवणाऱ्या कारखान्यात केसासारखी बारीक तार गुंडाळण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. त्या म्हणत, "काटा बिचारा सांगतील तेवढंच दाखवतो रे. सांगणारा टाकीत बसलाय. त्याला विचार."

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका दुपारी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत कळ आली. मी आमची जुनी गाडी काढली. अक्का न बोलावता मागे बसल्या आणि अप्पांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. वाटेत पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून थेट शून्यावर कोसळला. समोरच पंप होता, पण रांग रस्त्यापर्यंत आलेली.

"अक्का, पेट्रोल संपलं! थांबू?"

"काटा हळूहळू उतरला की एकदम पडला?"

"एकदम."

"मग तार तुटली. सरी, ठीक आहे, चल तू."

"नक्की ना?"

"चल म्हणते ना!"

आम्ही पोचलो. अप्पा वाचले. डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलं.

दोन दिवसांनी अक्कांनी मला टाकीतलं पेट्रोल मोजणारं यंत्र काढायला लावलं. दांडीच्या एका टोकाला पितळेचा पोकळ गोळा, दुसऱ्या टोकाशी तारेचं वेटोळं. पेट्रोल घटलं की तरंगता गोळा खाली जातो, दांडी तारेवरून सरकते, वीज कमी मिळते आणि काटा उतरतो. घासून घासून तार बरोबर मध्यावर तुटली होती. अक्कांनी नवी तार गुंडाळली, फेऱ्याला फेरा चिकटवून. "आता स्वल्प, थोडासाच उचल," म्हणाल्या. मी गोळा उचलला, तसा काटाही शहाण्यासारखा वर चढला.

पुढे अक्का भाच्याकडे धारवाडला निघाल्या. त्यांची बॅग अप्पांनी स्वतः खाली आणली. मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी एवढी खात्री कशी होती?"

"तार तुटल्याची होती. झिजल्या तारेचा काटा आधी तरी खरं दाखवत होता कशावरून? टाकीत पेट्रोल किती, ते मला काय ठाऊक?"

"मग चल कशाला म्हणालात?"

"त्या रांगेत थांबून यांना काय मिळालं असतं?"

अप्पांनी बॅग खाली ठेवली आणि वयानं आठ वर्षांनी लहान असलेल्या अक्कांना हात जोडले.