मावशीच्या गच्चीवरून जाणारा माणूस

माझी मावशी शिवणकाम करते. पण अंतराळ स्थानक डोक्यावरून जायची वेळ झाली, की टाचण्या लावलेल्या कोटात गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून ती रेडिओवरचं बोलणं पकडणारा स्कॅनर घेते आणि गच्चीवर पळते. काका सुतार. त्यांचा पोलादी टेप कापून तिने स्कॅनरला अँटेना केला, तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आता तेच मागे उभे राहून, "जरा डावीकडे धर," म्हणून तिला शिकवतात!

मी ट्रक चालवतो. काल सुट्टी होती, म्हणून मीही वर गेलो. खरखरीतून एका अंतराळवीराचा आवाज आला. तो कुठल्याशा शाळेतल्या मुलांशी बोलत होता. हात भरून आला तरी मावशी अँटेना त्याच्यामागे फिरवत राहिली. आवाज विरला, तशी आकाशाकडे बघून म्हणाली, "सांभाळून जा रे बाबा."

मला हसू फुटलं. "मावशी, यावर नुसतं ऐकता येतं. त्याला काय कप्पाळ ऐकू जाणार?"

"तू ट्रक घेऊन निघतोस ना, तेव्हा वळणापलीकडे दिसेनासा झालास तरी मी हेच म्हणते," ती म्हणाली. "तुला कधी ऐकू आलंय?"